नाकाआधी नथ

लेंगबाबा नसते तर मी आज शेटांच्या पेढीवर नसतो, म्हणून त्यांचं नाव पहिलं. वऱ्हाडात आम्ही काय पाहिलं, काय खाल्लं, गाडी कुठे अडली, हे सगळं मागाहून. आमच्या खाडीकाठची मंडळी हे कुणाकडून तरी वाचून घेतील. त्यांनी चिनी माणूस पाहिलेला नाही आणि वऱ्हाडही पाहिलेलं नाही. मी मराठी तिसरीतून शाळा सोडली. कुठे मागचं पुढे झालं तर सांभाळून घ्यावं.

लेंगबाबा चित्रकार. मूळचे चीन देशातले, कँटन शहराच्या वरच्या अंगाला नदीकाठी गाव आहे तिथले. मुंबईत माझगावला पेढीच्या गुदामामागे त्यांची खोली, शेजारच्या खोलीत मी. काचेच्या मागच्या बाजूने रंग भरून ते चित्रं करतात. शेटांच्या दिवाणखान्यात त्यांनी केलेली सहा चित्रं आहेत. वऱ्हाडातले तुळशीराम पाटील कापसाच्या कामाला मुंबईत आले, तेव्हा त्या चित्रांसमोरून हलेनात. त्यांची बायको वर्षापूर्वी वारली होती. तिचं असं चित्र पाहिजे म्हणाले. अमेरिकेतल्या लढाईमुळे तेव्हा वऱ्हाडच्या कापसाला असा मान होता, की पाटलांनी चंद्र मागितला असता तरी शेट "बघतो" म्हणाले असते.

शेटांनी लेंगबाबांना शब्द दिला. पाटील खूश झाले अशी त्यांच्या हातची चिठ्ठी आणा; चैत्री पौर्णिमेला आपलं जहाज कापूस घेऊन चीनला सुटतंय, त्यात तुमची जागा धरली.

ही जागा लेंगबाबांना किती हवी होती ते मला ठाऊक होतं. त्यांच्या लेकीचं लग्न त्या वर्षी ठरलं होतं. तीन वर्षांची असताना तिला सोडून ते निघाले, त्याला पंधरा वर्षं झाली. लग्नाचं पत्र एका जहाजावरच्या आचाऱ्याने आणून दिलं होतं. ते वाचून लेंगबाबा दिवसभर खोलीबाहेर आले नाहीत. संध्याकाळी मला म्हणाले, "भिकू, अठरा साल की लड़की कितनी ऊँची होती है?" मी हात खांद्याशी धरला. तेवढ्या उंचीवर ते बघत राहिले.

अकोल्याकडे

माघी पौर्णिमेला निघालो. आगगाडी जिथवर जात होती तिथवर गेलो, पुढे बैलगाडी. गाडीत काचेच्या मोठ्या तावदानांच्या दोन पेट्या, गोणपाटात गुंडाळून मध्ये कापूस भरलेल्या. त्या सांभाळण्याचं काम माझं. मी सगळा रस्ता एक हात पेटीवर ठेवून बसलो होतो, जसा काही हात ठेवल्याने धक्का बसणार नव्हता.

आमच्याकडे जमीन लाल आणि समोर डोंगर नाहीतर समुद्र असतोच. इथे काळी माती, आणि ती संपतच नाही. समोरून कापसाच्या गाड्यांची रांग, एकामागे एक, बोंडं रस्त्यावर सांडत. बाभळींच्या काट्यांना सगळीकडे कापूस अडकलेला. लेंगबाबा टोपी मांडीवर घेऊन चहूकडे बघत होते. शेवटी गाडीवानाला म्हणाले, "भाई, इधर का पहाड़ किधर रखा है?"

गाडीवान हसला. "पहाड पाह्याचा असन त मेळघाटात जा लागते, बावा. इथं पहाड काय कराचा? त्याच्यावर पऱ्हाटी होते का?"

पऱ्हाटी म्हणजे कपाशी. तिथे कुठल्याही गोष्टीची किंमत त्या वर्षी पऱ्हाटीवरून ठरत होती.

अकोल्याच्या अलीकडे एका नाल्यात चाक दगडावर चढलं आणि गाडी कलली. पेटीवर हात होता तरी खालच्या पेटीतून आवाज आला. उघडून पाहिलं, एक काच तीन तुकडे.  लेंगबाबांनी तुकडे जुळवून पाहिले, पुन्हा कापसात ठेवले आणि म्हणाले, "एक है ना अभी. एक चित्र, एक काच." मला वाटलं होतं, निदान दोन शब्द रागाचे बोलतील. बोलले नाहीत म्हणून मला जास्त लागलं.

अकोल्याला धर्मशाळेत उतरलो. झुणका, ज्वारीची भाकर आणि मिरचीचा ठेचा. मी भाताला आणि माशाला मुकलेला, पण भूक होती. लेंगबाबांनी ठेचा भाजी समजून बोटभर उचलला. डोळ्यांतून धारा लागल्या, कपाळ पुसलं, मग अदबीने वाढणाऱ्या बाईंना विचारलं, "ये कौन से रोग की दवा है?"

बाई पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. "दवा नाई बाप्पा, जेवन हाये! घ्या, अजून घ्या!" आणि खरंच आणखी वाढलं. त्यांनी तेही खाल्लं. पाहुणा म्हणून वाढलेलं टाकायचं नाही ही रीत त्यांच्याकडेही आहे म्हणे.

पाटलांचं गाव

गाव अकोला आणि अकोट यांच्या मधलं. पोचल्याबरोबर तांब्याभर पाणी आलं. एक घोट घेतला आणि मी थांबलो. पाणी खारट. त्या पट्ट्यातल्या विहिरींना असंच पाणी लागतं. आमच्या घरामागच्या विहिरीला उन्हाळ्यात खाडीचं पाणी शिरतं तेव्हा हीच चव येते, आणि आई म्हणते, "आजचा दिवस चालवून घ्या." चार वर्षांत मी घरी गेलो नव्हतो. पाटलांना वाटलं मला पाणी आवडलं नाही. "पहिल्यांदा खारं लागते, मंग दुसरं पानी गोड लागत नाई," म्हणाले. मी सगळा तांब्या प्यायलो.

लेंगबाबांची मात्र पंचाईत झाली. रोज सकाळी हात चालता ठेवायला ते शाई उगाळून कागदावर काहीतरी काढतात. खाऱ्या पाण्यात त्यांची शाई फाटायला लागली. मग नदीकाठच्या माळ्यांच्या मळ्यातून त्यांच्यासाठी रोज एक घागर गोडं पाणी यायला लागलं. चिनीबावा पाणी पीत नाही, लिहितो, अशी गावात बोलवा झाली.

आता मुख्य काम. न पाहिलेल्या, वारलेल्या बाईचं चित्र काढायचं कसं? त्यांच्या देशात याची रीत आहे. लेंगबाबांकडे एक चोपडी आहे. तिच्यात नुसती नाकं आहेत. पुढे नुसते डोळे, मग ओठ, हनुवट्या, कान. वारलेल्या माणसाच्या घरचे बसून एकेक निवडतात आणि चित्रकार ते जुळवत जातो. पाटलांच्या ओसरीवर चोपडी उघडली आणि अर्धं गाव गोळा झालं.

"हे नाक गिरजाचं हाये," पाटील म्हणाले.

"थे नाक सोनाराच्या बायकोचं हाये," पाटलांच्या सासूबाई आतून कडाडल्या. गिरजाबाईंच्या आई त्या. लेकीच्या आजारपणात आल्या, त्या नातवंडांसाठी तिथेच राहिल्या. सगळे त्यांना माय म्हणत. "बारा वर्स संसार केला अन् बायकोचं नाक ओयखू येत नाई तुमाले?"

"मामी, मी काय तिच्या नाकाकडं पाहत बसत होतो?"

"म्हनूनच म्हन्ते. सरका."

माय पुढे येऊन बसल्या. चोपडीची पानं त्यांनी ओल्या बोटाने उलटली नाहीत, दोन्ही हातांनी उचलून उलटली. नाक निवडायला त्यांना क्षण लागला नाही. डोळ्यांना सबंध सकाळ गेली. चिनी डोळ्यांतला एकही जुळेना. शेवटी लेंगबाबांनी मायच्याच डोळ्यांकडे पाहून नवा डोळा काढला, तेव्हा माय पुढे वाकल्या. "हौ," एवढंच म्हणाल्या.

नथीची चूक

आता काचेवरच्या कामाची रीत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. कागदावर आधी चेहरा, मग त्यावर कुंकू, दागिने. काचेवर उलटं. रंग मागून भरायचे आणि बघायचं पुढून. म्हणून जे सगळ्यांत वर दिसायला हवं ते सगळ्यांत आधी काढावं लागतं. डोळ्यातली चमक आधी, बुबुळ मागून. नथ आधी, नाक मागून. आणि मागून काढलेलं पुढून बघताना डाव्याचं उजवं होतं, तो हिशेब चित्रकाराने मनात ठेवायचा.

हे सगळं मला माहीत होतं. दोन वर्षं त्यांच्या शेजारी राहून मी ते बघत आलो होतो, आणि आपल्याला माहीत आहे याचा थोडा ताठाही होता. लेंगबाबांनी विचारलं, "भिकू, नथ किस तरफ?" नथ डाव्या नाकपुडीत हे कुणालाही ठाऊक. पण मी म्हटलं, म्हाताऱ्याला उलटं करण्याचा त्रास नको, मीच उलटं करून सांगतो. मी माझ्या उजव्या नाकपुडीवर बोट ठेवलं. त्यांनी मान हलवली आणि सवयीप्रमाणे तेही उलटं केलं.

कोऱ्या काचेवर सात मोती उमटले. भोवती नाक नाही, गाल नाही, काही नाही. तेव्हा ते कुठल्या बाजूचे हे कोण सांगणार? वरून एकेक थर चढत गेला आणि मागून बघताना सगळं झाकून गेलं; काच पाटावर पडलेली, पुढून कुणी बघितलंच नाही.

एकेक थर वाळायला दोन दोन दिवस लागायचे. त्या दिवसांत लेंगबाबांनी मला त्यांचं सगळं सांगितलं. सातव्या वर्षी ते गुरूकडे राहिले. पहिलं वर्ष नुसती शाई उगाळली, पुढची तीन नुसती बांबूची पानं. कागदावर डोंगर काढायचा तर धुकं काढायचं नाही, कागद कोरा सोडायचा, धुकं आपोआप होतं, असं ते शिकले. मग लढाई आली, गुरूंचं घर मोडलं, आणि ते कँटनच्या एका चित्रांच्या कारखान्यात लागले. तिथे साहेबलोकांसाठी काचेची चित्रं व्हायची. एक माणूस नुसते चेहरे काढायचा, दुसरा नुसते कपडे. लेंगबाबांनी सहा वर्षं नुसते हात काढले. "हजारों हाथ, भिकू. किसका हाथ, मालूम नहीं." पुढे एका पारशी व्यापाऱ्याबरोबर मुंबईला आले. इथे पंधरा वर्षांत त्यांचा एकही डोंगर विकला गेला नाही. लोक म्हणतात, अर्धा कागद तर कोराच आहे.

एकदा मी विचारलं, चोपडीतनं लेकीचा चेहरा जुळवून बघितला का? म्हणाले, पुष्कळदा. नाक सापडतं. पण तीन वर्षांच्या चेहऱ्यावर अठरा वर्षांचं नाक बसत नाही.

पाडव्याच्या आदल्या दिवशी काच चौकटीत बसवून ओसरीवर उभी केली. त्याच दिवशी चिठ्ठी घेऊन निघालो असतो तर जहाजाआधी आठवडाभर मुंबईत होतो.

पाटील पाहत राहिले आणि मुंडाशाच्या टोकाने डोळे पुसायला लागले. माय आल्या. काचेवरून हात फिरवला. "माही गिरजा," म्हणाल्या, आणि हात नाकाशी थांबला.

"नथ कोनं फिरवली?"

त्यांनी आपल्या नाकाला हात लावून पाहिला.

"माह्या मांडीवर घेऊन टोचलं हाये हे नाक. डाव्या अंगानं. ह्या बाईनं उजवीकडं काहून घातली?"

पाटलांनी वाकून पाहिलं, आणि त्यांचा चेहरा बदलला. "हे काय केलं तुमी? गावातलं लेकरू सांगन नथ कुठं असते थे! कोनं सांगतलं तुमाले? ह्या पोऱ्यानं सांगतलं का?"

पोऱ्या म्हणजे मी.  चूक मान्य केली तर शेटांकडे शब्द जाणार, पेढी सुटणार, आणि माझ्या पाठवण्यावर घर चालत होतं. मी लेंगबाबांकडे पाहिलं. त्यांना त्याच क्षणी सगळं उलगडलं, हे मला त्यांच्या डोळ्यांत दिसलं. त्यांनी दोन्ही हात जोडले.

"उसने सही बोला, पाटील. हम बूढ़ा हो गया. हमारी गलती."

आणि मी, मंडळी, गप्प राहिलो.

पाटील म्हणाले, चिठ्ठी नाही. लेंगबाबा म्हणाले, नथ सगळ्यांत पुढे आहे, तिच्यापर्यंत पोचायचं तर मागचा सगळा चेहरा खरवडावा लागेल. खरवडतो, नव्याने करतो. त्यांनी पातं हातात घेतलं, तशा माय काचेला पाठ लावून उभ्या राहिल्या.

"पुसाचं नाई. एकदा मेली थे बास झालं."

अमरावती

दुसरी काच पाहिजे होती. ती अमरावतीलाच मिळाली तर मिळणार. पाटलांनी गाडी दिली. वाटेत मी दोनदा बोलायला तोंड उघडलं. दुसऱ्यांदा लेंगबाबांनीच विचारलं, "घर में कौन कौन है?" मी सांगितलं, आई, दोन बहिणी. म्हणाले, "मुझे कोई नौकरी से नहीं निकालेगा. नौकरी ही नहीं है." आणि हसले. मला हसता आलं नाही.

अमरावतीचा बाजार मी जन्मात विसरणार नाही. आत शिरायलाच अर्धा दिवस लागला. कापसाचे ढीग घरांच्या कौलांपर्यंत, माणसांच्या भुवयांवर, मिशांवर कापूस, चैत्राच्या उन्हात सगळं शहर म्हातारं झाल्यासारखं. दुकानांत झुंबरं टांगलेली, विलायती घड्याळं, मखमल. कुणबी मंडळी ती अशी उचलत होती जशी आमच्याकडे बाजारात सुकी मासळी. पण साधी, रुंद, सपाट काच एकाकडेही नाही. तीन दिवस फिरलो.

"काच हाये ना," एक दुकानदार म्हणाला, आणि ताटाएवढा गोल आरसा काढला. "एवढाच राह्यला. बाकी सारे गेले. आता जो तो आपलं थोबाड पाहून राह्यला इथं."

मी म्हटलं, चला, हा उपयोगाचा नाही. लेंगबाबा आरशासमोर उभेच. स्वतःला बघत नव्हते. माझ्याकडे बघत होते, आरशातून. मग म्हणाले, "भिकू, कान पकड़." मी पकडला. "कौन सा?" मी म्हटलं, उजवा. त्यांनी आरशातल्या माझ्याकडे बोट केलं आणि आरसा बांधून द्यायला सांगितलं. का, ते मला परतीच्या अर्ध्या वाटेपर्यंत कळलं नाही.

गावात पोचल्यावर त्यांनी चित्र भिंतीशी उभं केलं. मायना चित्राकडे पाठ करून बसवलं आणि आरसा हातात दिला.

"हे काय खेळ," पाटील म्हणाले.

मायनी आरसा इकडेतिकडे फिरवला, आणि तो थांबला. आरशात त्यांचा चेहरा होता आणि त्यांच्या खांद्यामागे गिरजाबाई. नथ डावीकडे. मायच्या नाकातली मात्र आरशात उजवीकडे गेली होती, पण तिकडे कोण बघतं?

त्यांनी आरसा जरा जवळ धरला. मग पुटपुटल्या, "अशीच बसत होती मांगं. मी शेंगा सोलाची, अन् हे मांगून गयात हात टाकाची." आरसा त्यांनी पदराने पुसला, चित्र नाही, आणि जावयाला म्हणाल्या, "चिठ्ठी लिहून द्या बावाले. उशीर नोका करू."

पाटलांनी लिहून दिली. मळ्यातल्या माळ्यांनी गोड्या पाण्याचं मडकं, गव्हाचे भाजलेले रोडगे आणि वांगी गाडीत ठेवली. "लेकीच्या लग्नात वाढा," म्हणाले. वांगी चीनपर्यंत टिकणार नाहीत हे त्यांना कुणी सांगितलं नाही.

मुंबई

आम्ही जितकं धावलो तितकं बैल धावले नाहीत. अकोल्याच्या पुढे एक बैल बसला, तिथे दोन दिवस गेले. मुंबईला उतरलो तो सामानासकट थेट धक्क्यावर गेलो. जहाज चार दिवसांपूर्वी सुटलं होतं. मुकादम म्हणाला, वारा चांगला लागलाय, लांब गेलं असेल.

लेंगबाबा धक्क्याच्या कडेला उभे राहिले. त्यांच्या हातात पाटलांची चिठ्ठी होती, ती त्यांनी नीट घडी करून माझ्या हातात दिली, शेटांना दे म्हणून. वारा पडेपर्यंत तिथे उभे होते. "इस तरफ है," एकदाच म्हणाले, पाण्याकडे हात करून. मी पाहिलं. मला नुसतं पाणी दिसलं.

शेट म्हणाले, पुढच्या मोसमात बघू. पण अमेरिकेतली लढाई संपत आल्याचं बाजारात बोलतात, आणि कापूस उतरला तर शेटांचे शब्दही उतरतील, ही धास्ती मला रोज खाते. त्या लेकीचं लग्न आता होऊन गेलं असेल. मांडवात बाप का नव्हता, हे तिला कुणी सांगितलं असेल? तिला वाटत असेल, विसरला.

काल मी शेटांसमोर उभा राहून नथीची चूक माझी होती, हे सांगितलं.  शेट रागावले, पण काढलं नाही. खरं तर त्या चुकीने नुकसान शेटांचं झालंच नव्हतं. जिचं झालं ती लेक समुद्राच्या पलीकडे आहे. म्हणून हे लिहून ठेवतो. पुढच्या मोसमात नाही तर त्याच्या पुढच्या, शेटांच्या जहाजातून नाही तर दुसऱ्या कुणाच्या, लेंगबाबांना मी त्यांच्या नदीच्या घाटावर स्वतः घेऊन जाईन आणि त्यांच्या लेकीच्या दारात उभं करीन. ते स्वतः काही सांगणार नाहीत. सांगायचं मला आहे. ‘गलती मेरी थी’ हे त्यांच्या बोलीत कसं म्हणतात ते मी त्यांच्याकडूनच शिकून घेतलंय. कशाला हवं, हे त्यांनी विचारलं नाही. पाच वेळा म्हणवून घेतलं, आणि पाचव्या वेळी म्हणाले, आता कळेल तिला.